मॅकिट्रिक कॅन्यन निसर्गवाट
मॅकिट्रिक कॅन्यन निसर्गवाट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस राज्याच्या पश्चिम भागात, ग्वादलूप मौंटन्स राष्ट्रीय उद्यानातील मॅकिट्रिक निदरीच्या (कॅन्यनच्या) तोंडाशी असलेली छोटी वर्तुळाकार पायवाट. लांबी सु. १.४ किमी., चढ सु. ६० मी. चिवावाच्या वाळवंटी प्रदेशातील या पर्वतरांगेत लहान मुलांना घेऊन तासाभरात फिरून येण्याजोग्या ज्या थोड्या वाटा आहेत, त्यांपैकी ही एक. वनस्पती, प्राणी व खडक यांची माहिती देणारे फलक वाटेवरच आहेत.

नावाविषयी एकमत नाही. गुरे पाळणारा कॅप्टन फीलिक्स मॅकिट्रिक १८७० च्या आसपास येथे राहत असे व त्याच्यावरून हे नाव पडले, असे सामान्यतः मानतात. ‘किड’ मॅकिट्रिक नावाचा दरोडेखोर या निदरीत लपत असे, अशी दुसरी कथा आहे. ती अधिक रंजक असली, तरी पहिली व्युत्पत्तीच ग्राह्य दिसते. या प्रदेशात त्यापूर्वीपासून वावरणाऱ्या मेस्कालेरो अपाची लोकांचे नावच मेस्कालपासून, म्हणजे घायपाताच्या कुळातील वनस्पतीपासून, आले आहे. तिचे गड्डे ते दगडी खड्ड्यांत भाजून खात.

वाट पायथ्याच्या उतारावरून जाते. समोर दिसणारे उंच कडे कॅपिटान चुनखडकाचे आहेत. पर्मियन कल्पात, सु. २६ कोटी वर्षांपूर्वी, डेलावेअर खोऱ्यातील (टेक्सस-न्यू मेक्सिको सीमेवरील) समुद्राच्या काठाने नालाकृती भित्ती (रीफ; सागरी जीवांपासून बनलेली भिंतीसारखी रचना) वाढली; तीच हा चुनखडक. तिची लांबी सु. ६४० किमी. धरतात. समुद्र आटल्यावर ती क्षारांच्या व गाळाच्या थरांखाली गाडली गेली आणि बऱ्याच नंतर भूहालचालींनी वर उचलली गेली. मराठीत अशा रचनेस सर्रास ‘प्रवाळभित्ती’ म्हणतात. पण येथे तो शब्द फसवा आहे. कॅपिटानची बांधणी प्रामुख्याने स्पंज, चूर्णीय (चुना साठविणारी) शैवले आणि समुद्राच्या पाण्यातूनच साक्याप्रमाणे बसलेला चुना यांची आहे, प्रवाळ त्यात गौण. म्हणून येथे नुसता ‘भित्ती’ हा शब्द वापरला आहे.

तीही खऱ्या अर्थाने भित्ती होती का, हा वाद जुना आहे. १९२९ मध्ये भूवैज्ञानिक ई. रसेल लॉइड यांनी तिला भित्ती ठरविले व पुढे फिलिप किंग (१९४८) आणि नॉर्मन न्यूएल व सहकारी (१९५३) यांच्या कामामुळे लाटा थोपविणाऱ्या रोधक भित्तीची कल्पना रुळली. १९७२ मध्ये रॉबर्ट डनहॅम यांनी तिला हरकत घेतली. त्यांच्या मते सर्वांत उंच भाग भित्तीचा नसून तिच्या मागच्या बाजूस असलेल्या, वाटाण्याएवढ्या चुनखडी गोळ्यांच्या थरांचा होता. भित्ती त्याहून खाली, पाण्यात बुडालेली होती. हे मत आता बऱ्याच अंशी मान्य झाले आहे. १९९० च्या दशकात तर पुष्कळ स्पंज वर वाढत नव्हते, पोकळ्यांच्या छतांना उलटे लटकत होते, असे दाखविण्यात आले. त्यामुळे भित्तीची ताठ चौकट कोणी उभारली, या प्रश्नाचे ‘वर वाढणाऱ्या स्पंजांनी’ हे जुने उत्तर तोकडे पडते. निसर्गवाट जेथून सुरू होते, त्याच वाहनतळापासून सु. ६०० मी. चढणारी पर्मियन रीफ वाट हे खडक जवळून दाखविते. मात्र ती मुलांसाठी नव्हे.

वाटेच्या परिसरात घायपात, सोटोल, निवडुंग व जूनिपर आढळतात. ॲलिगेटर जूनिपरची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांत फुटलेली असते. टेक्सस मॅड्रोनची साल याच्या उलट, कागदासारखी सोलवटून निघते व आतले खोड गुळगुळीत, फिकट ते तांबूस दिसते. मॅपल वृक्ष निदरीत आत, ओढ्याकाठी आहेत; त्यांची पाने ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीस रंगतात व तेव्हाच गर्दी होते. ओढा चुनखडकात मध्येच लुप्त होतो आणि पुढे पुन्हा प्रकटतो.

निदरीतील बरीच जमीन भूवैज्ञानिक वॉलेस प्रॅट यांची होती. १९३१-३२ च्या हिवाळ्यात त्यांनी आत दगडी घर बांधले. पुढे पुराने तेथे अडकून पडल्यावर निदरीबाहेर दुसरे बांधले. १९६० च्या सुमारास त्यांनी सु. २,२८० हेक्टर जमीन राष्ट्राला दिली. उद्यानास १९६६ मध्ये मंजुरी मिळाली व १९७२ मध्ये ते अस्तित्वात आले.

निदरी फक्त दिवसा खुली असते. संध्याकाळी फाटक बंद होते. ओढ्यात उतरण्यास आणि पाळीव प्राणी आणण्यास मनाई आहे.