परदेश प्रवास आरोग्य विमा

परदेशात असताना अचानक ओढवलेले आजारपण किंवा अपघात यांवरील उपचारांचा, रुग्णाला मायदेशी आणण्याचा आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्याचा खर्च भागविण्यासाठी ठरावीक दिवसांपुरता उतरविलेला विमा. आपल्याकडचा नेहमीचा मेडिक्लेम बहुधा देशाच्या हद्दीपाशीच थांबतो, म्हणून ही वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

युरोपातील शेंगेन क्षेत्राच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाच्या) अल्पमुदतीच्या व्हिसासाठी असा विमा सक्तीचा असून त्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे आणि त्या क्षेत्रातील सर्व देशांत लागू असावे लागते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला मात्र विम्याची अट नाही. उपचार जिथे सर्वाधिक महाग, तिथेच ती नसावी हे विचित्रच. तेथील १९८६ च्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षाला, रुग्णाची ऐपत न पाहता, त्याला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. पण हे उपचार फुकट नसतात. रुग्णालय, डॉक्टर आणि रुग्णवाहिका यांची बिले नंतर अनेकदा स्वतंत्रपणे येतात. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातील उपचारांना पैसे पडत नाहीत, परंतु वॉर्डात दाखल झाल्यावर पाहुण्याला शुल्क लागू होते. आखाती आणि इतर काही देशांत कामाला जाणाऱ्या, ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी आवश्यक) असा शेरा असलेल्या पासपोर्टधारकांसाठी भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. तिचा भर मुख्यतः अपघाती मृत्यू व कायमचे अपंगत्व यांवर आहे.

या विम्यातील खरी मेख आधीपासून असलेल्या आजारांत असते. मुला-मुलींकडे सहा-सहा महिने राहायला अमेरिकेत जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांपैकी अनेकांना मधुमेह किंवा रक्तदाब असतोच, आणि साध्या पॉलिसीत अशा आजारातून उद्भवलेला खर्च एकतर वगळलेला असतो किंवा केवळ जिवावर बेतल्यास, तोही मर्यादेपर्यंत, मिळतो. प्रस्ताव अर्जात ‘काही आजार आहे का’ या प्रश्नापुढे एजंटाने घाईत मारलेली ‘नाही’ची खूण पुढे क्लेम नाकारण्याचे कारण ठरू शकते. नियमित तपासणी, आधीच ठरलेली शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठीच केलेला प्रवास यांचा खर्च सहसा मिळत नाही.

डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममधील पहिली ठरावीक रक्कम प्रवाशाने स्वतः सोसायची. ती १०० डॉलर असेल, तर ८० डॉलरच्या बिलातून विम्याचे काहीच मिळणार नाही. कॅशलेस सोयीसाठी दाखल होण्यापूर्वी, आणि ते शक्य नसल्यास लगेच, पॉलिसीवरील मदत क्रमांकावर कळवावे लागते. बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे बहुधा आधी आपण भरून मागाहून मिळवायचे असतात, त्यामुळे डॉक्टरांचा अहवाल आणि मूळ पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

औषधांची तयारी विम्याइतकीच महत्त्वाची असते. गोळ्या मूळ पाकिटांत, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपली क्रोसिन परदेशी फार्मसीत कुणी ओळखेलच असे नाही; तिच्यातील पॅरासिटामॉललाही अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. संयुक्त अरब अमिरातींत कोडीन व ट्रॅमाडॉल यांसारख्या वेदनाशामकांवर निर्बंध असून ती सोबत नेण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. पीतज्वराचा धोका असलेल्या आफ्रिकेतील वा दक्षिण अमेरिकेतील देशांतून परतणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते.