समोरच्याशी सौजन्य आणि न दिसणाऱ्याची जबाबदारी : अमेरिकेतल्या दोन वेगळ्या गोष्टी

अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहून परतलेल्या आईवडिलांकडून दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली : "तिथली माणसं किती सभ्य! ओळखदेख नसताना हसून गुड मॉर्निंग म्हणतात, आपण येईपर्यंत दार धरून उभी राहतात." दुसरी : "पण कुणाला कुणाचं काही पडलेलं नाही हो. शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं." दोन्ही वाक्यं एकाच बैठकीत, बऱ्याचदा एकाच माणसाच्या तोंडून येतात. दोन्हींत मोजलं जातं ते सौजन्यच. एकदा ते भरपूर सापडतं, एकदा कमी पडतं. सामाजिक जबाबदारी ही वेगळी चीज आहे आणि पाहुण्याच्या नजरेला ती सहसा पडतच नाही, कारण ती बजावली जाते तेव्हा समोर कुणीच नसतं.

सौजन्याला समोर माणूस लागतो. दार धरणं, बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणणं, दुकानाच्या अरुंद वाटेत कुणाच्या पुढून जाताना एक्सक्यूज मी म्हणणं, काउंटरवरच्या मुलीला हाऊ आर यू विचारणं. या देवाणघेवाणीला दोन सेकंद लागतात आणि तिचा हिशोब तिथंच मिटतो. ती खोटी आहे असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं, ते मला पटत नाही. जगभरातून आलेल्या, एकमेकांची भाषा, धर्म, गाव काहीच ठाऊक नसलेल्या माणसांना एका रांगेत उभं राहायचं असेल, तर "माझ्याकडून तुला धोका नाही" एवढं सांगायची काहीतरी सोय हवीच. ते हसू ही सोय आहे. त्यात मैत्रीचं वचन शोधायला गेलो की मगच फसवल्यासारखं वाटतं.

जबाबदारी कशी दिसते हे पाहायला हिवाळ्यातली एक सकाळ पुरे. रात्रभर बर्फ पडलाय, ऑफिसला उशीर होतोय. माणूस गाडीची पुढची काच खरवडतो, मागची खरवडतो, आरसे पुसतो आणि निघतो. स्वतःला दिसण्यासाठी एवढं पुरतं. छपरावर मात्र वीतभर बर्फ तसाच असतो. गाडी आतून तापली की त्याचा खालचा थर सुटतो, वरचा गोठून पत्र्यासारखा कडक झालेला असतो. हायवेवर वेग साठ मैलांवर गेला की तो अख्खा तुकडा उचलला जातो आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर आदळतो. पुढच्याला बहुतेक वेळा कळतही नाही. न्यू जर्सीत म्हणूनच 2010 पासून कायदा आहे : छप्पर, बॉनेट, काचा, डिकी, सगळीकडचा बर्फ काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. बर्फ उडाला नाही तरी 25 ते 75 डॉलर दंड होऊ शकतो. उडून कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर 200 ते 1000. अंधारात, बोटं बधिर होत असताना छपरापर्यंत ब्रश पोहोचवणाऱ्या माणसाला थँक यू म्हणायला कुणी येत नाही. ज्याची काच वाचली त्याला आपण वाचलो हे कधी कळणारही नाही.

साइडवॉकचंही तसंच. घरासमोरची पायवाट सार्वजनिक असली तरी तिच्यावरचा बर्फ काढायचं काम बऱ्याच शहरांत घरमालकावर किंवा भाडेकरूवर असतं. बॉस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून तीन तासांत, न्यू यॉर्क शहरात दिवसा थांबला तर चार तासांत. पायवाट कोण वापरणार आहे? टपाल वाटणारा, काठी घेऊन चालणाऱ्या आजी, शाळेला निघालेली पोरं. घरमालक तोवर कामावर गेलेला असतो, त्याची आणि त्यांची गाठ पडत नाही.

इथवर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदतात. खरा घोळ होतो तो त्या एकमेकींच्या आड येतात तेव्हा. याचं सगळ्यात गंभीर उदाहरण रस्त्यावरच आहे आणि नव्याने गाडी चालवायला लागलेल्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

प्रत्येक दिशेला दोन लेनचा रस्ता. डाव्या लेनमधला एक भला माणूस पाहतो, की समोरून येणाऱ्या गाडीला डावीकडे वळून दुकानाच्या आवारात शिरायचंय आणि तिला वाटच मिळत नाहीये. पुढे सिग्नल नाही, क्रॉसवॉक म्हणजे पायी रस्ता ओलांडायचा पट्टा नाही, थांबायचं काही कारण नाही, तरी तो थांबतो आणि हात हलवून सांगतो, "या, तुम्ही जा." समोरचा कृतज्ञतेने हात वर करतो आणि वळतो. उजव्या लेनमधून चाळीसच्या वेगाने येणाऱ्या तिसऱ्या गाडीला मात्र ती वळणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, आणि धडक होते. हात हलवणाऱ्याने समोरच्याशी सौजन्य केलं. शेजारच्या लेनमधून कोण येतंय हे पाहायची जबाबदारी मात्र त्याने न पाहताच स्वतःकडे घेतली. असे खटले अमेरिकी न्यायालयांत पुष्कळ चाललेत आणि हात हलवणारा जबाबदार की नाही याबद्दल वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळे निकाल दिलेत.

पायी चालणाऱ्याच्या बाबतीत हे आणखी जिवावरचं आहे. एका लेनमधली गाडी थांबते, चालणारा तिच्या पुढ्यातून निघतो, आणि त्याच गाडीच्या आडोशामुळे पुढच्या लेनमधल्या ड्रायव्हरला तो दिसत नाही. रस्ते-सुरक्षेचे इंजिनियर अशा अपघाताला मल्टिपल थ्रेट म्हणतात. म्हणून बहुपदरी रस्त्यावर क्रॉसवॉकच्या 20 ते 50 फूट अलीकडे थांबायची वेगळी रेघ आखतात, म्हणजे पलीकडचं दिसायला जागा राहते. क्रॉसवॉकवर थांबणं हे कर्तव्यच आहे, आणि थांबलेल्या गाडीला तिथं मागे टाकून पुढे जायला बंदी आहे. पण वाटेल तिथं, मनात आलं म्हणून थांबणं ही निराळी गोष्ट. अशा वेळी रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला क्रम पाळणं हीच दुसऱ्याची खरी काळजी. चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो, दोघं एकदम आले तर उजवीकडचा. "पहिले आप"ने चौघंही गोंधळतात. स्कूल बसने लाल दिवे लावले की थांबायचं, न्यू जर्सीत किमान 25 फूट अंतर ठेवून. तिथं समोरच्याच्या हाताच्या खुणेला काही किंमत नाही.

आता टिपकडे वळतो, कारण मराठी घरांत सगळ्यात जास्त वाद तिच्यावर होतात. टिप दिसते सौजन्यासारखी. "सेवा आवडली तर खुशीने द्यावं, सक्ती कसली?" हा प्रश्न बाबा जेवणाच्या टेबलावर विचारतात तेव्हा त्यांचं तर्कशास्त्र चुकीचं नसतं. त्यांना फक्त पगारपत्रक दिसलेलं नसतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला 7.25 डॉलर आहे, 2009 पासून. पण ज्यांना टिप मिळते अशा कामगारांना मालकाने रोखीने द्यायची किमान रक्कम 2.13 डॉलर आहे, आणि ती 1991 पासून हललेली नाही. मधली तफावत टिपमधून भरून निघेल असं गृहीत धरलंय. न निघाल्यास मालकाने भरायची. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना इथं हाच आकडा चालतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा या राज्यांत मात्र टिप मिळो न मिळो, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं.

म्हणजे टेबलावर बसून जेवल्यावर बिलाच्या 18–20 टक्के ठेवणं हे बऱ्याच राज्यांत मजुरीचा एक हिस्सा चुकता करणं आहे. ही पद्धत न्याय्य आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पगाराचा भार गिऱ्हाइकाच्या लहरीवर टाकणं वाईटच. पण ती पटत नाही म्हणून टिप न ठेवणारा माणूस कायदा बदलत नाही, वाढणाऱ्या मुलीचे पैसे मात्र कापतो. मग तो तिच्याशी कितीही गोड बोललेला असो. कॉफीच्या काउंटरवर फिरवून समोर धरलेल्या पडद्यावरची टिप हा प्रश्न वेगळा. तिथं नाही दिली तरी चालतं, आणि मनाला लावून घेऊ नये.

गोड बोलणं आणि जबाबदारी यांची किती सहज फारकत होते हे किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये रोज दिसतं. अपंगांसाठी राखलेल्या निळ्या खुणेच्या जागेशेजारी तिरप्या रेघा मारलेला पट्टा असतो, किमान पाच फूट रुंद. 1990 च्या अपंग-हक्क कायद्यातून आलेल्या नियमांनी तो राखलाय. व्हीलचेअरवरच्या माणसाला गाडीतून रॅम्प किंवा लिफ्ट खाली सोडायला तेवढी मोकळी जागा लागते. दुकानातून बाहेर पडताना माझ्यासाठी दार धरणारा, हॅव अ ग्रेट डे म्हणणारा माणूस सामान गाडीत भरून झाल्यावर रिकामी कार्ट त्या पट्ट्यात ढकलून निघून गेलेला मी पाहिलाय. तो दुष्ट नव्हता. व्हीलचेअरवाला तेव्हा समोर नव्हता, एवढंच. समोर असता तर त्यानेच धावत जाऊन मदत केली असती.

उलटही घडतं, आणि "कुणाला कुणाचं पडलेलं नाही" म्हणणाऱ्यांनी ते पाहायला हवं. गल्लीत कुणाची किमोथेरपी सुरू झाली, कुणाकडे बाळ आलं, की कुणीतरी मील ट्रेन सुरू करतं. ऑनलाइन वेळापत्रकात कोण कुठल्या दिवशी जेवण देणार, घरात माणसं किती, कशाची अ‍ॅलर्जी, मांसाहार चालतो का, सगळं लिहिलेलं असतं. घराच्या पायरीवर एक कूलर ठेवलेला असतो. डबा त्यात ठेवायचा आणि बेल न वाजवता निघायचं. आपल्याला हे रुक्ष वाटतं. भेट नाही, चौकशी नाही, चहा नाही. पण आजारी माणसाला दार उघडून हसावं लागू नये, पाहुणचार करावा लागू नये, यासाठीच तो कूलर असतो. नावही धड माहीत नसलेल्या शेजाऱ्याने दुपारी शिजवलेलं संध्याकाळी त्या घरात गरम होतं. महाराष्ट्र मंडळांच्या गटांमध्येही असे डबे फिरतात, आणि तिथं सगळ्यांना आत जाऊन बसायचं असतं. मला वाटतं, आजारपणात आपण कूलरची पद्धत थोडी उचलावी.

संकटात सापडलेल्या अनोळखी माणसाला वाचवायची सक्ती अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वसामान्य माणसावर नाही, हे ऐकून आपल्याला धक्का बसतो. व्हरमाँटसारखी मोजकी राज्यं ती करतात, तिथंही दंड जास्तीत जास्त 100 डॉलर. मदत करताना काही चुकलं तर मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे मात्र सगळीकडे आहेत, राज्यागणिक कमीजास्त. 1964 साली न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला, तेव्हा 38 जणांनी पाहूनही कुणी हललं नाही अशी बातमी गाजली. ती बातमी अतिरंजित होती हे पुढे स्पष्ट झालं, पण तिच्यामुळे डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचं आपण एकट्यानेच ऐकलं असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोकांनी झटका संपायच्या आत मदतीसाठी धाव घेतली. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा हा आकडा 31 वर आला. म्हणून प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवतात : गर्दीकडे पाहून "कुणीतरी फोन करा" म्हणू नका, एकाकडे बोट दाखवून "निळ्या शर्टवाले, तुम्ही 911 लावा" म्हणा. बोट दाखवणं एरवी असभ्य. इथं त्यानेच जीव वाचतो.

राहिला प्रश्न व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांचा. "आपण इथले नागरिक नाही, आपली कसली जबाबदारी?" असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं आणि ते सौजन्यावर थांबतात. ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य लोकांच्या मंडळात, बसणं खरोखरच फक्त नागरिकांसाठी आहे. तरी ज्युरीचं समन्स नागरिक नसलेल्यांनाही येतं. ते फेकून देऊ नका; नागरिक नाही ही खूण करून मुदतीत परत पाठवा. मतदार म्हणून नोंदणी करायला कुणी प्रेमाने कागद पुढे केला तर भिडेखातर सही करू नका, नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे फार महागात पडतो. नाही म्हणणं तिथं उद्धटपणा नाही.

याखेरीज बाकीचं बरंच दार उघडं आहे : रक्तदान, शाळेची पालक संघटना, फूड बँकेतली शनिवारची पाळी. अमेरिकेतले बहुसंख्य अग्निशामक पगारी नसून स्वयंसेवक आहेत, आणि अनेक गावांत नव्या माणसांची त्यांना कायम चणचण असते. नागरिकत्व लागतं का हे त्या त्या गावी विचारावं. न्यू जर्सीत नगर परिषदेच्या बैठकीत लोकांना बोलायला वेळ राखून ठेवावाच लागतो. ठरलेली मिनिटं मिळतात, बोलणाऱ्याने नाव आणि पत्ता सांगायचा असतो, पासपोर्ट कुणी मागत नाही. मुलांच्या शाळेच्या वाटेवर साइडवॉक मध्येच तुटत असेल, तर ते बोलायची जागा ती आहे.