श्वानदंश : मालकाचे कायदेशीर दायित्व

पाळीव कुत्रा माणसाला चावल्यास पाळणाऱ्यावर येणारी फौजदारी व दिवाणी जबाबदारी. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. दंडसंहितेतील एक कलम, पोलीस व महापालिका कायद्यांतील विखुरलेल्या तरतुदी आणि इंग्लिश कॉमन लॉमधून (न्यायालयीन निवाड्यांतून घडलेल्या कायद्यातून) आलेली अपकृत्यविधीची (दिवाणी हानीबद्दल भरपाई देणाऱ्या कायद्याची) तत्त्वे यांच्या आधारे निवाडा होतो.

प्राचीन आधार : याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, सुळे किंवा शिंगे असलेल्या आपल्या जनावराच्या तावडीतून माणसाला सोडवणे शक्य असूनही जो मालक सोडवत नाही, त्याला प्रथम साहस (दंडाच्या तीन प्रतींतील सर्वांत खालचा) दंड सांगितला आहे, सापडलेल्या माणसाने आरडाओरडा केला असल्यास दुप्पट. जवळजवळ याच शब्दांत हा नियम कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातही आढळतो. तो कोणी कोणाकडून घेतला, हा प्रश्न दोन्ही ग्रंथांच्या कालनिर्णयाशी निगडित आहे. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे स्मृतीचा काळ सुमारे इ. स. पू. पहिले ते इ. स. तिसरे शतक असा धरतात. संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल तो इ. स. चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत अलीकडे आणतात. स्मृतिकाराने अर्थशास्त्राचा आधार घेतला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दंडाची रक्कमही सारखी नाही : याज्ञवल्क्यांच्या हिशेबाने प्रथम साहस 270 पणांचा (पण हे तेव्हाचे नाणे), तर कौटिल्याच्या हिशेबाने 48 ते 96 पणांचा. या श्लोकात कुत्र्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय येथे दोष जनावर पाळण्यात नसून शक्य असताना न सोडवण्यात आहे, आणि दंड राजाकडे जातो. जखमीला भरपाईची तरतूद या श्लोकात नाही.

इंग्लिश परंपरा : नवव्या शतकातील राजा आल्फ्रेडच्या कायद्यात कुत्रा चावल्यास पहिल्या वेळी 6 शिलिंग, त्यानंतरही मालक त्याला खाऊ घालत राहिला तर दुसऱ्या वेळी 12 आणि तिसऱ्या वेळी 30 शिलिंग भरपाई होती. पुढे कॉमन लॉने ‘पूर्वज्ञाना’ची कसोटी स्वीकारली : कुत्रा चावरा आहे हे मालकाला ठाऊक होते, हे जखमीने सिद्ध करावे. यावरून पहिला चावा माफ असतो असा समज पसरला. तो बरोबर नाही. साखळीला बांधलेला कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चावायला झेपावत असे, एवढा पुरावाही वर्थ विरुद्ध गिलिंग (1866) या खटल्यात पुरेसा ठरला. 1865 च्या कायद्याने मेंढ्या व गुरांच्या बाबतीत ही अट काढली, माणसांसाठी मात्र ती राहिली. चावल्या गेलेल्या माणसापेक्षा मेंढीच्या मालकाला दाद मिळणे सोपे, ही विसंगती 1971 च्या ॲनिमल्स ॲक्टपर्यंत टिकली. त्या कायद्यातही मालकाच्या जाणिवेचा मुद्दा कलम 2(2) मध्ये आहेच. हा कायदा भारताला लागू नाही.

भारतातील स्थिती : भारतीय दंडसंहितेचे कलम 289 हे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्यायसंहितेच्या कलम 291 मध्ये आले. ताब्यातील जनावरापासून जीविताला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना जाणूनबुजून अथवा हयगयीने पुरेशी खबरदारी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची मर्यादा 1,000 रुपयांवरून 5,000 रुपये झाली. आजचा दवाखान्याचा खर्च पाहता तीही तोकडीच आहे. प्रत्यक्ष चावा हा या गुन्ह्याचा आवश्यक घटक नाही. खबरदारीत कसूर पुरेशी आहे. मुंबईत 2010 साली रॉटवायलर जातीचा कुत्रा चावल्याच्या एका प्रकरणात, कुत्रा असलेल्या मोटारीचे दार उघडू नका असे विनवूनही मालकाने ते उघडले, अशी तक्रार होती. गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. दिवाणी भरपाईचा दावा वेगळा करावा लागतो.

कलमातील ‘ताबा’ हा शब्द भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत अडचणीचा ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022 मध्ये, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ते रीतसर दत्तक घ्यावेत, असा आदेश दिला. त्याला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये स्थगिती दिली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये भटक्या कुत्र्याच्या चाव्यासाठी दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान 10,000 रुपये भरपाई ठरवली, ती प्रामुख्याने राज्य शासनावर.