झोप अपुरी की मन आजारी? रात्रपाळी करणाऱ्या आईवडिलांचा नेमका घोळ

रात्रपाळी करणारी आई किंवा बाबा चिडचिडे होतात, मुलांवर उगाच खेकसतात, कशात लक्ष लागत नाही म्हणतात. घरचे म्हणतात, "झोप झाली की येईल ताळ्यावर." बऱ्याचदा येतातही. पण पाळीमुळे जडणारा झोपेचा विकार आणि नैराश्य वरून अगदी सारखे दिसतात, आणि 'झोप काढ' हा सल्ला नैराश्याला पुरत नाही.

मेंदूतलं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. रात्रभर काम केलं म्हणून ते लगेच उलटं फिरत नाही. सकाळी घरी येताना ऊन डोळ्यांवर पडलं की ते पुन्हा दिवसाकडेच ओढलं जातं. म्हणून दिवसाची झोप तुटक आणि तोकडी होते. कामावर डुलक्या, घरी टक्क जाग, असं पाळीच्या वेळांना धरून किमान 3 महिने चाललं, तर डॉक्टर झोपेच्या विकाराचा विचार करतात. नैराश्याला 2 आठवडे पुरतात: जवळपास रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि जोडीला भूक, झोप, एकाग्रता अशी इतर लक्षणं.

खरा फरक मुलांसमोर दिसतो. रात्रपाळीहून आलेल्या बाबांना मुलगी चित्र दाखवते. त्यांना ते बघायचं असतं, पण 'हा कोण गं?' विचारता विचारता डोळे मिटतात. इच्छा आहे, अंगात त्राण नाही. नैराश्यात उलटं होऊ शकतं: झोप बरी झालेली असते, चित्र समोर असतं, 'छान' हा शब्दही तोंडून निघतो, आत मात्र काहीच हलत नाही.

अपराधीपणा दोन्हीकडे असतो, त्याचा सूर वेगळा. "गॅदरिंग चुकलं माझं" ही हळहळ पाळीची. "मी नसले तरी मुलांचं काही अडणार नाही" हे वाक्य थकव्याच्या खात्यावर टाकू नका. मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी मदत घ्या.

सुट्टीत माणूस खुलतो का ते बघा, असं सांगतात. लहान मुलांच्या घरात ही कसोटी फसवी आहे, कारण सुट्टीतही दुपारी कुणीतरी उठवतंच. आधी सलग दोन-तीन दिवस जोडीदाराने किंवा आजी-आजोबांनी मुलं सांभाळून झोप पुरी होऊ द्यावी, मग बघावं.

शिवाय दोन्ही एकत्रही असू शकतात. सततची झोपमोड नैराश्याचा धोका वाढवते. झोपेच्या विकारात पाळ्यांची फेररचना (सकाळ, दुपार, रात्र हा क्रम उलट क्रमापेक्षा जास्त सोसतो), काळे पडदे, उजेडाचं नियोजन कामी येतं. नैराश्याला समुपदेशन आणि गरजेनुसार औषधं लागतात. डॉक्टरांकडे जाताना 2 आठवड्यांची झोपेची नोंद न्या, शेजारी त्या-त्या दिवसाची पाळीही लिहा.