चारित्र्यहनन, अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी प्रतिस्पर्धी उमेदवाराचा जन्म, वंश, धर्म, विवाह, प्रकृती किंवा खासगी वर्तन यांविषयी खरे, अर्धे खरे वा खोटे आरोप पसरवून त्याला पदास नालायक ठरवण्याची प्रचारपद्धती. धोरणांवरील टीका कितीही जहाल असली तरी ती सामान्यतः या सदरात धरत नाहीत. प्रस्तुत नोंदीत छापील किंवा न्यायालयीन पुरावा उपलब्ध असलेल्या प्रकरणांवर भर दिला आहे. कुजबुज मोहिमांचा माग फारसा उरत नसल्याने त्यांचे खरे प्रमाण अशा पुराव्यावरून ठरवता येत नाही.

उगम : जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ व १७९२ मध्ये जवळजवळ बिनविरोध निवडले गेले. चुरशीची पहिली निवडणूक १७९६ ची. तथापि बहुतेक अभ्यासक या पद्धतीचा प्रारंभ जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफरसन यांच्यातील १८०० च्या लढतीपासून धरतात. फिलाडेल्फियाच्या ‘ऑरोरा’ पत्राने वॉशिंग्टन यांच्यावर केलेले हल्ले जमेस धरून काहीजण हा काळ १७९५-९६ पर्यंत मागे नेतात. मात्र वॉशिंग्टन पुन्हा उभे राहणार नव्हते, त्यामुळे ते हल्ले निवडणूक प्रचारात मोडतात असे म्हणणे कठीण आहे. त्या काळी उमेदवाराने स्वतः मते मागणे कमीपणाचे समजत. ते काम पक्षाच्या आश्रयावर चालणाऱ्या पत्रांकडे असे. १७९२ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्रांना अल्प दर लावला आणि संपादकांना परस्परांचे अंक विनामूल्य पाठवण्याची मुभा दिली. एका गावात छापलेली कुलंगडी दूरच्या गावातील पत्रात जशीच्या तशी उतरे, ती या सोयीमुळे.

१८०० च्या प्रचारातील म्हणून जी वाक्ये वारंवार उद्धृत होतात, ती तपासून घ्यावी लागतात. ॲडम्स यांना धड पुरुषाचे बळ नाही आणि धड स्त्रीचे मार्दव नाही, अशा आशयाचे वाक्य अनेक लोकप्रिय पुस्तकांत जेफरसन यांच्या तोंडी घातलेले आढळते. ते जेम्स कॅलेंडर या स्कॉटिश पत्रककाराचे आहे. जेफरसन यांचा संबंध पैशापुरता आणि उत्तेजनापुरता होता. त्यांनी कॅलेंडर यांना रकमा दिल्या होत्या, आणि पत्रकाची मुद्रिते (छपाईपूर्वीचे तपासणीचे कागद) पाहून अशा लिखाणाचा उत्तम परिणाम होईल, असे १७९९ मध्ये त्यांना कळवले होते. दुसऱ्या बाजूला, जेफरसन निवडून आल्यास खून, बलात्कार आणि व्यभिचार यांचे उघड शिक्षण दिले जाईल, हा मजकूर कनेक्टिकटमधील एका फेडरलिस्ट (ॲडम्स यांच्या पक्षाच्या) पत्रात सप्टेंबर १८०० मध्ये टोपणनावाने आला. येल महाविद्यालयाचे अध्यक्ष टिमथी ड्वाइट यांचे बायकामुलींच्या अब्रूसंबंधीचे प्रवचन या मजकुराशी सरमिसळ करून सांगितले जाते. ते ४ जुलै १७९८ चे, म्हणजे निवडणुकीच्या दोन वर्षे आधीचे आहे.

कॅलेंडर यांना १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली नऊ महिन्यांची कैद आणि २०० डॉलर दंड झाला. सुटकेनंतर रिचमंडच्या पोस्टमास्तरकीची त्यांची मागणी जेफरसन यांनी मान्य केली नाही, तेव्हा ते उलटले. सप्टेंबर १८०२ मध्ये रिचमंडच्या ‘रेकॉर्डर’ पत्रात त्यांनी जेफरसन यांचा आपल्या गुलाम स्त्रीशी, सॅली हेमिंग्ज यांच्याशी, संबंध असून त्यांना मुले असल्याचे छापले. सुमारे दोनशे वर्षे बहुतेक चरित्रकारांनी ही द्वेषमूलक बदनामी मानली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत हेमिंग्ज यांच्या धाकट्या मुलाच्या वंशजाची पुरुषरेषा जेफरसन घराण्याशी जुळली. या तपासणीने घराणे ठरते, व्यक्ती ठरत नाही, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तरी इतर कागदपत्रांसह पाहता आता बहुसंख्य इतिहासकार कॅलेंडर यांचे मूळ विधान खरे धरतात. हेतू दुष्ट असला म्हणून बातमी खोटी ठरत नाही, याचे हे या विषयातील सर्वांत जुने उदाहरण होय.

१८२८ ची निवडणूक : ॲन्ड्रू जॅक्सन आणि जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्यातील ही लढत वैयक्तिक उखाळ्यापाखाळ्यांचा कळस मानली जाते. मुख्य वाद जॅक्सन यांच्या विवाहाचा होता. त्यांची पत्नी रेचेल यांचा पहिला विवाह लुइस रॉबर्ड्स यांच्याशी झाला होता; तो कायद्याने संपण्यापूर्वीच त्या जॅक्सन यांच्यासोबत राहू लागल्या, असा आरोप होता. सिनसिनाटी येथील ‘गॅझेट’ पत्राचे संपादक चार्ल्स हॅमंड यांनी १८२७ मध्ये हे प्रकरण छापले आणि व्यभिचारिणी ठरलेल्या स्त्रीला व तिच्या प्रियकर पतीला या ख्रिस्ती देशाच्या सर्वोच्च स्थानी बसवायचे काय, असा सवाल केला.

जॅक्सन यांच्या बाजूने नॅशव्हिल येथे समिती नेमली गेली. तिचा कणा होते जॅक्सन यांचे जुने मित्र न्यायाधीश जॉन ओव्हर्टन. हे गृहस्थ केन्टकीत रॉबर्ड्स कुटुंबाच्याच घरी राहिलेले, तेव्हा साक्षीदार म्हणून जवळचे. पण वकीलही त्याच पक्षाचे. समितीचे म्हणणे असे : डिसेंबर १७९० मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने घटस्फोट दिला अशी दोघांची समजूत झाली, म्हणून १७९१ च्या उन्हाळ्यात त्यांनी नॅचेझ येथे विवाह केला, विधिमंडळाने रॉबर्ड्स यांना केवळ दावा लावण्याची परवानगी दिली होती, हे त्यांना १७९३ च्या अखेरीस कळले, तेव्हा त्यांनी जानेवारी १७९४ मध्ये पुन्हा रीतसर विवाह केला. केन्टकीतील न्यायालयाचा घटस्फोटाचा निकाल सप्टेंबर १७९३ चा असून रेचेल परपुरुषासमवेत राहत असल्याचे कारण त्यात नमूद आहे. हॅमंड यांच्या ‘ठरलेल्या’ या शब्दाला आधार होता, तो या निकालाचा.

समितीच्या कालक्रमावर तीन आक्षेप आहेत. नॅचेझ तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते, तेथे कॅथलिक धर्मगुरूखेरीज इतरांनी लावलेला विवाह कायदेशीर नव्हता, आणि अशा विवाहाची नोंदही सापडलेली नाही. रेचेल यांचे वडील जॉन डोनेल्सन यांच्या मालमत्तेच्या १७९१ च्या आरंभीच्या कागदांत त्यांचे नाव ‘रेचेल जॅक्सन’ असे येते, म्हणजे समितीने सांगितलेल्या विवाहाच्या काही महिने आधी. आणि जॅक्सन स्वतः वकील असताना विधिमंडळाचा ठराव त्यांनी किंवा ओव्हर्टन यांनी न वाचताच गृहीत धरला, हे पटणे अवघड आहे. चरित्रकार रॉबर्ट रेमिनी यांच्या मते दोघे १७९० च्या सुमारासच पतिपत्नी म्हणून राहू लागले असावेत. हे मत कागदांशी अधिक जुळते. सीमावर्ती वसाहतींत न्यायालये दूर असत आणि मोडलेल्या संसाराचा निवाडा शेजारीपाजारी करीत. १७९० मध्ये जे नॅशव्हिलला खटकले नाही, त्यावरून १८२७ च्या सिनसिनाटीने गहजब केला, असेही म्हणता येईल.

रेचेल २२ डिसेंबर १८२८ रोजी, निकालानंतर पण शपथविधीपूर्वी, वारल्या. बदनामीचे पत्रक वाचून त्या कोसळल्या ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन आधार तुटपुंजा आहे. त्यांना हृदयविकाराचा त्रास आधीपासून होता, आणि त्याच वर्षी दत्तकासारखा वाढवलेला क्रीक जमातीचा मुलगा लिंकोया वारला होता. जॅक्सन यांनी मात्र आयुष्यभर विरोधकांनाच दोष दिला. त्यांच्या ‘हर्मिटेज’ या निवासस्थानी असलेल्या समाधिलेखातही निंदेने ती घायाळ झाली, कलंकित झाली नाही, अशा अर्थाचे शब्द आहेत.

याच निवडणुकीत फिलाडेल्फियाचे संपादक जॉन बिन्स यांनी ‘शवपेटी पत्रके’ काढली. जॅक्सन यांच्या मंजुरीने २१ फेब्रुवारी १८१५ रोजी मोबील येथे गोळ्या घातलेल्या सहा नागरी सैनिकांच्या सहा काळ्या शवपेट्या पत्रकाच्या माथ्यावर छापलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेकाचे नाव होते. इतर बळींची भर घालून पुढील आवृत्त्यांत पेट्यांची संख्या वाढत गेली. सैनिकांची भरतीची मुदत तीन महिन्यांची की सहा, यावर खरा वाद होता. पत्रकात तो अर्थातच त्यांच्या बाजूने सोडवला आहे. जॅक्सनवादी पत्राने याला उत्तर दिले ते टिंगलीचे : पुरते सत्य सांगा, न्यू ऑर्लीन्सला त्यांनी दीड हजार ब्रिटिश सैनिकही थंडपणे मारले! उलट बाजूने ॲडम्स यांच्यावर रशियात राजदूत असताना झारसाठी एका तरुणीची दलाली केल्याचा आणि सरकारी खर्चाने बिलियर्डचे टेबल घेतल्याचा आरोप झाला. पहिला निराधार होता. दुसरा हिशेबातील चुकीतून निघाला. टेबलाचे पैसे ॲडम्स यांनी पदरचे भरले होते. जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ निर्वाचक मतांनी विजयी झाले.

बनावट दस्तऐवज : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आरोपाला कागद जोडण्याची रीत वाढली. १८४४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील व्हिग (डेमोक्रॅटिक पक्षाच्या विरोधी पक्षाच्या) पत्राने ‘बॅरन रॉरबॅक’ नामक प्रवाशाच्या ग्रंथातील म्हणून एक उतारा छापला. त्यात डेमोक्रॅटिक उमेदवार जेम्स पोक यांच्या नावाची आद्याक्षरे डागलेले ४३ गुलाम पाहिल्याचे वर्णन होते. रॉरबॅक अस्तित्वातच नव्हता. एका खऱ्या इंग्रज प्रवाशाच्या वर्णनात पोक यांच्याविषयीचे वाक्य घुसडून उतारा रचला होता. १८६४ च्या निवडणुकीच्या तोंडावर वंशमिश्रणाचा पुरस्कार करणारी एक निनावी पुस्तिका निघाली. ती लिंकन-समर्थकाची भासावी अशी लिहिली होती; लिहिणारे प्रत्यक्षात ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या विरोधी पत्राचे दोन पत्रकार होते.

२० ऑक्टोबर १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘ट्रूथ’ पत्राने जेम्स गारफील्ड यांच्या सहीचे म्हणून एक पत्र छापले. चिनी मजुरांच्या आयातीला अनुकूल असलेले हे पत्र लिन गावच्या एच. एल. मोरी यांना लिहिल्याचे दाखवले होते. गारफील्ड यांनी ते आपले नसल्याचे जाहीर केले. पत्राच्या छायाप्रतीत ‘कंपनीज’ या साध्या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले होते, आणि गारफील्ड हे माजी शिक्षक असल्याने तेवढ्यावरच अनेकांनी पत्र बनावट ठरवले. मोरी नावाचा इसम सापडला नाही. गारफील्ड निवडून आले, पण कॅलिफोर्निया त्यांनी अगदी थोड्या मतांनी गमावले.

१८८४ : ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना बफेलो येथील मारिया हॅल्पिन यांच्यापासून विवाहबाह्य मुलगा असल्याचे वृत्त २१ जुलै रोजी बफेलोच्या एका सायंदैनिकाने दिले. ‘खरे ते सांगा’ अशी तार क्लीव्हलंड यांनी मित्रांना केली आणि जबाबदारी नाकारली नाही. जुन्या चरित्रग्रंथांत हा प्रामाणिकपणाचा नमुना म्हणून येतो. पितृत्व अनिश्चित असून अविवाहित म्हणून त्यांनी ते पत्करले, ही मित्रांची बाजूही त्यांत जशीच्या तशी घेतलेली आहे. हॅल्पिन यांचे ऑक्टोबर १८८४ चे शपथपत्र बळजबरीचा आरोप करते. मूल त्यांच्यापासून काढून घेण्यात आले आणि त्यांना काही काळ मनोरुग्णालयात ठेवले गेले. अलीकडच्या लेखनात या बाजूला अधिक वजन मिळते आणि ते योग्य आहे. प्रतिस्पर्धी जेम्स ब्लेन यांच्यावर रेल्वे कंपन्यांशी लागेबांध्यांचे आरोप होते. शिवाय त्यांचे पहिले मूल विवाहानंतर तीन महिन्यांत जन्मल्याचे इंडियानापोलिसच्या एका पत्राने छापले. आधी केन्टकीत एक विवाह झाला होता, असे उत्तर ब्लेन यांनी दिले. दोन विवाहांची ही कैफियत जॅक्सन प्रकरणाची आठवण करून देते.

विसावे शतक व नंतर : १९२० मध्ये वॉरेन हार्डिंग यांचे पूर्वज कृष्णवर्णीय असल्याची पत्रके निघाली, २०१५ च्या जनुकीय तपासणीत त्याला आधार मिळाला नाही. १९२८ मध्ये कॅथलिक उमेदवार अल स्मिथ यांच्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्याचे छायाचित्र पोपच्या वाड्यापर्यंतचा भुयारी मार्ग म्हणून फिरवले गेले. १९६४ मध्ये ‘फॅक्ट’ नियतकालिकाने १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक पात्रतेविषयी विचारले. उत्तर देणाऱ्या २,४१७ पैकी १,१८९ जणांनी त्यांना न तपासताच अपात्र म्हटले. गोल्डवॉटर यांनी खटला जिंकला. नुकसानभरपाई एक डॉलर आणि दंडात्मक भरपाई ७५,००० डॉलर, असा निकाल झाला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेने न तपासलेल्या व्यक्तीविषयी मत देण्यास १९७३ मध्ये मनाई केली, ती यातूनच.

१९७२ मध्ये एडमंड मस्की यांच्याविरुद्ध न्यू हॅम्पशायरमधील एका दैनिकात बनावट पत्र छापून आले. ते निक्सन-पक्षीयांच्या घातपाती उद्योगांपैकी असल्याचे नंतर उघड झाले. दैनिकाच्या कार्यालयाबाहेर बर्फात भाषण करताना मस्की रडले की चेहऱ्यावर बर्फ वितळले, हा वाद मिटलेला नाही. यानंतरची प्रमुख प्रकरणे म्हणजे १९८८ ची, मायकेल डुकाकिस यांच्याविरुद्ध विली हॉर्टन या कैद्याचा वापर करणारी जाहिरात, २००० मध्ये साउथ कॅरोलायनात जॉन मकेन यांच्या कुटुंबाविषयीची कुजबुज मोहीम, २००४ मध्ये जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधील युद्धसेवेवरील जाहिराती आणि बराक ओबामा यांच्या जन्मस्थानाविषयीचा वाद. ओबामा यांनी सविस्तर जन्मदाखला २७ एप्रिल २०११ रोजी प्रसिद्ध केला.

कायदा : भारतात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्टाचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. अमेरिकी संघराज्यीय कायद्यात अशी तरतूद नाही. १९६४ च्या सलिव्हन निकालानुसार सार्वजनिक पदाधिकाऱ्याला बदनामीचा दावा जिंकण्यासाठी, विधान खोटे असल्याचे माहीत होते किंवा सत्यासत्याची बेपर्वाई झाली, हे सिद्ध करावे लागते; १९७१ मध्ये हाच निकष उमेदवारांवरील गुन्ह्याच्या आरोपांना, गुन्हा कितीही जुना असला तरी, लागू झाला. १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या कलम ३१५ मुळे नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांना उमेदवाराच्या जाहिरातीत काटछाट करता येत नाही. त्यामुळे तिच्यातील बदनामीबद्दल केंद्र जबाबदार धरले जात नाही, असे १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. बाहेरच्या गटांच्या जाहिराती मात्र केंद्र नाकारू शकते. जाहिरातीला आपली मान्यता असल्याचे उमेदवाराने स्वतःच्या आवाजात सांगणे २००२ च्या कायद्याने सक्तीचे केले.

परिणाम : अशा प्रचाराने मतदार घरी बसतात, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांवरून मांडले गेले. २००७ मध्ये रिचर्ड लाउ व सहकाऱ्यांनी केलेल्या एकत्रित विश्लेषणात मतदान घटल्याचा किंवा हल्ला करणाऱ्याला हमखास लाभ झाल्याचा भक्कम पुरावा आढळला नाही. एकेका निवडणुकीबाबत तर निष्कर्ष अधिकच अवघड होतो. १८८४ मध्ये न्यूयॉर्क राज्य क्लीव्हलंड यांनी अकराशेच्या आसपास मतांनी जिंकले आणि त्यावर अध्यक्षपद ठरले. ब्लेन यांच्यासमोर एका धर्मगुरूने काढलेले कॅथलिकविरोधी उद्गार त्यांना भोवले, असे बहुतेक ग्रंथांत असते. त्याच दिवशी रात्री ब्लेन यांनी धनाढ्यांसमवेत केलेले जेवण, मतदानाच्या दिवशीचा पाऊस आणि त्या राज्यात दारूबंदी पक्षाने घेतलेली सुमारे २५,००० मते यांपैकी कोणतेही कारण इतक्या फरकाला पुरेसे ठरते.