ओठ शिवला, पण टाळूचं काय?

दुभंगलेला ओठ म्हटलं की डोळ्यासमोर चेहराच येतो, साहजिक आहे, बाळ हातात आल्या आल्या तेच दिसतं. पण जास्त काळ पुरणारं काम असतं ते टाळूचं. (टाळू म्हणजे इथे तोंडाचं छत बरं का, डोक्यावरची लुसलुशीत टाळू नाही, मराठीत दोन्हीला एकच शब्द!)

जगभरात साधारण 700 बाळांमागे एकाला ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेलं असतं. गर्भाचा चेहरा एकसंध तयार होतच नाही, कडेचे भाग वाढत वाढत मध्ये येऊन जुळतात, ओठ 4 ते 7 आठवड्यांत आणि टाळू 6 ते 9 आठवड्यांत. टाळूचे दोन पडदे तर आधी जिभेच्या दोन बाजूंना खाली लोंबत असतात, जीभ खाली सरकली की वर उठून आडवे होतात आणि मग एकमेकांना चिकटतात. हे कुठेतरी चुकलं की फट राहते. म्हणजे पुष्कळदा दिवस गेलेत हे आईला नीट कळेपर्यंत ओठाचं सगळं ठरूनही गेलेलं असतं, त्यामुळे तिने काय केलं न् काय खाल्लं याची चौकशी करत बसणाऱ्यांनी जरा गप्प बसावं. जीन्सचा, म्हणजे आनुवंशिकतेचा, भाग असतो, सिगारेट, आधीपासूनचा डायबेटिस, फिट्सची काही औषधं यांनी धोका वाढतो, पण बऱ्याचदा एकच एक कारण सापडतच नाही. (फिट्सची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.)

ओठाची फट 18-20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसते. नुसती टाळू दुभंगलेली असेल तर तिथे सहसा निसटते, म्हणून जन्मल्यावर टॉर्च मारून, जीभ दाबून, पार पडजिभेपर्यंत बघायला हवं, नुसतं बोट फिरवून भागत नाही. दूध ओढता न येणं, नाकातून दूध येणं ही खूण. बाळाला भूक असते, ताकदही असते, पण तोंड-नाक एकच झाल्यामुळे ओढच तयार होत नाही. मग दाबता येणारी खास बाटली, बाळाला उभट धरणं, मध्ये मध्ये ढेकर काढणं.

ओठाचं ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांत, टाळूचं बहुतेक ठिकाणी 9 ते 18 महिन्यांत. टाळूत नुसतं भोक बुजवायचं नसतं, मऊ टाळूचे स्नायू भलतीकडे चिकटलेले असतात ते सोडवून आडवे जोडायचे असतात, कारण बोलताना नाकाची वाट तेच बंद करतात. करून बघा, नाक दाबून 'बाबा' म्हणा, काही अडत नाही, आता 'मामा' म्हणा, अडलं ना? टाळू नीट मिटत नसेल तर उलट होतं, मूल बाबा म्हणतं आणि ऐकणाऱ्याला मामा ऐकू येतं. नुसती टाळू दुभंगलेल्या बाळांवरच्या 2023 च्या एका मोठ्या अभ्यासात, 6 महिन्यांना ऑपरेशन झालेल्यांपैकी 8.9 टक्के मुलांना 5 व्या वर्षी हा त्रास होता, 12 महिन्यांना झालेल्यांत 15 टक्के. अर्थात इतक्या लहान बाळाला भूल द्यायला तशी टीम हवी.

हेच स्नायू कानातून घशाकडे येणारी नळीही उघडतात, म्हणून कानात पाणी साठून ऐकू कमी येतं, आणि ऐकूच कमी आलं तर बोलणार काय, त्यामुळे ऐकण्याची तपासणी आणि स्पीच थेरपी दोन्ही चालूच ठेवावं लागतं. हिरडीत फट असेल तर पुढे सुळा यायच्या आधी कंबरेचं हाड घेऊन ती भरतात.

सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे टाळूची वरून कातडी अखंड आणि आत स्नायू दुभंगलेले. पडजीभ दोन टोकांची दिसली तर शंका घ्यावी. काही मुलांचं तर अॅडेनॉइड (नाकाच्या मागची, घशाच्या वरची गाठ) काढल्यावर बोलणं एकदम नाकातून यायला लागतं आणि तेव्हा कळतं, कारण तोवर ती फट त्या गाठीनेच बुजवून धरलेली असते.