‘ठाणे’चे दोन तुकडे: पायथन बदलते कोण?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुरातला ठरावीक नमुना शोधणारी सोय) शब्द वेगळे करायला सांगितले, की ‘ठाणे’चे ‘ठ’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे हाती येतात. काना, मात्रा, वेलांटी यांना युनिकोड (सगळ्या लिपींच्या चिन्हांचे जागतिक मानक) अक्षरांच्या वर्गात धरत नाही, म्हणून पायथनही त्यांना शब्दाबाहेर टाकतो. गंमत म्हणजे २००८ च्या पायथन ३.० पासून व्हेरिएबलला (कोडमधल्या किंमत साठवणाऱ्या जागेला) ‘ठाणे’ हे नाव बिनदिक्कत देता येते. शब्द तोडण्याची तक्रार २००७ मध्येच नोंदली गेली. पण असे वर्तन बदलले की जगभरचे चालू कोड वेगळे उत्तर देऊ लागते, त्यामुळे अशा दुरुस्त्या रखडतात.

सुरुवातीला अंतिम शब्द पायथनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांचा असे. २००० पासून बदलाचे प्रस्ताव ‘पेप’ या ठरावीक नमुन्यात लिहिले जाऊ लागले. एका ओळीतल्या ‘इफ-एल्स’च्या (अटीनुसार किंमत निवडण्याच्या) रचनेवर २००३ मध्ये वापरणाऱ्यांचे मतही घेतले, पण कौल विखुरला. शेवटी २००५ मध्ये ग्विडोंनीच निवड केली. पेप ५७२ वरच्या (‘:=’ हे नवे चिन्ह आणण्याच्या प्रस्तावावरच्या) कडवट वादानंतर २०१८ मध्ये ते बाजूला झाले. २०१९ पासून पाच जणांचे निवडून आलेले मंडळ निर्णय घेते. त्याला मत देतात ते कोअर डेव्हलपर, म्हणजे पायथनचा मूळ कोड बदलण्याचा अधिकार असलेले; आपण नव्हे.

तरी वापरणाऱ्यांचे वजन पडते. गो या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत चुका हाताळण्यासाठी सुचवलेला ‘ट्राय’ २०१९ मध्ये त्यांच्या विरोधामुळे सुमारे दीड महिन्यात मागे घेतला गेला.

ठाण्यातल्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतल्या महापेत बसून काम करणाऱ्याने मे महिना लक्षात ठेवावा. तेव्हा पायथनची पहिली बीटा (चाचणीसाठीची आवृत्ती) येते आणि नव्या सुविधांचे दार बंद होते. अंतिम आवृत्ती ऑक्टोबरात. मधल्या काळात आपल्या प्रोजेक्टच्या टेस्ट बीटावर चालवून जे मोडले ते कळवणे, हेच आपले सर्वात उपयोगी योगदान. तक्रारीत पाच-दहा ओळींचे चालणारे कोड, नेमकी आवृत्ती, अपेक्षित आणि प्रत्यक्ष उत्तर द्यावे. आधी तोच दोष ताज्या आवृत्तीवर तपासावा: कंपनीच्या सर्व्हरवरच्या तीन वर्षे जुन्या पायथनला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. आणि नवी सुविधा हवी असेल, तर पेपला पुरस्कर्ता म्हणून एक कोअर डेव्हलपर लागतो. तो मिळवण्याआधी लांबलचक मसुदा लिहू नये.